सायकल स्टार्टचं बटण मशीनपाशीच राहू द्या

भोसरीच्या शॉपमध्ये तीन व्हीएमसी (प्रोग्रॅमवर चालणारी, उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन), एक सीएनसी लेथ आणि घर कोथरूडला. तर घरच्या लॅपटॉपवरून प्रोग्रॅम पाठवून मशीन चालू करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. घरून मशीनची अवस्था बघा, प्रोग्रॅम शॉपमधल्या पीसीपर्यंत पाठवा. सायकल स्टार्ट, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करणारं बटण, मात्र मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसानेच दाबायचं. व्हाइस (जॉब धरणारा शिकंजा) घट्ट आवळलाय का, टेबलावर पाना राहिलाय का, हे कंट्रोलला, म्हणजे मशीनच्या संगणकाला, कळत नाही. कॅमेरा लावाल, पण कूलंट सुरू झालं की काचेवर पांढऱ्या धुराशिवाय काही दिसत नाही.

तुमची एक व्हीएमसी जुनी, फक्त आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचा सिरियल केबलचा पोर्ट) असलेली. तिच्यावर मोल्डचा लांबलचक प्रोग्रॅम ड्रिप फीडने, म्हणजे पीसीवरून ओळीओळीने पाठवत, चालवणार असाल तर आधी हिशेब करा. ९६०० बॉडला (हा केबलवरचा वेग) सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात. २४ अक्षरांची एक ओळ धरली तर झाल्या ४० ओळी. कॅमने (प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने) टूलच्या वाटेचे ०.१ मिमीचे तुकडे पाडले असतील तर सेकंदाला ४ मिमी, म्हणजे मिनिटाला २४०. तुम्ही प्रोग्रॅममध्ये एफ (मिनिटाला किती मिमी हा वेग) १५०० लिहा नाहीतर ३०००, मशीन पुढच्या ओळीची वाट बघत थबकणार आणि जॉबवर टूलचे डाग पडणार. मग लोक स्पिंडलला दोष देतात! केबल १५ मीटरच्या आत ठेवा आणि जोडताना दोन्हीकडची पॉवर बंद करा. अर्थिंगच्या फरकामुळे माझे दोन पोर्ट जळालेत.

नव्या मशीनना इथरनेट आहे, तिथे काम सोपं. कंट्रोल फानुक कंपनीचा असेल तर फोकसवरून (त्यांच्याच जोडणीच्या सॉफ्टवेअरवरून) प्रोग्रॅम, ऑफसेट, अलार्म सगळं वाचता येतं आणि लिहिताही येतं. धोका या लिहिण्यातच आहे. म्हणून राउटरवर फोकसचा ८१९३ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून ठेवू नका, मग 'केबलवाला करून देतो' म्हणाला तरी. व्हीपीएन (इंटरनेटवरून शॉपपर्यंतची खाजगी, सुरक्षित वाट) घ्या, आणि मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं काढा. नुसतं बघायचंच असेल तर एमटीकनेक्ट (मशीनची माहिती वाचण्याचं खुलं मानक) बरं. ते मुळात वाचण्यापुरतंच बनवलंय.

लिहिण्याचा फटका मी खाल्लाय. लेथवर बोअर (आतलं भोक) ०.०५ मिमीने लहान येत होता, म्हणून केबिनमधून वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेसाठीच्या दुरुस्तीत) ०.०५ वाढवले. त्याच वेळी ऑपरेटरनेही मशीनवर तेवढेच वाढवले होते. बोअर मोठा झाला, अकरा नग भंगारात. चूक त्याची नव्हती, मी त्याला हाक मारली नव्हती. तेव्हापासून ऑफसेटला हात लावायचा तो मशीनपाशी उभं राहूनच.

नेटवर्क स्विच आणि राउटरला छोटा यूपीएस द्या. नाहीतर लाइट गेली की घरून नुसतं फोनवर विचारत बसाल.

जुन्या व्हीएमसीचा कंट्रोल कोणता आणि मेमरी किती ते कळवा, केबलची जोडणी लिहून देतो. मेमरी '६४० मीटर' अशी दिसली तर गोंधळू नका. तो कागदी पट्टीच्या काळातला हिशेब आहे, म्हणजे साधारण २५६ केबी.