मुदतीच्या आदल्या रात्रीच हात कसे चालतात?

प्रश्न : मी ३४ वर्षांची, नाशिकला घरूनच लहान दुकानदारांची जीएसटीची कामं करते. गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवण्यातल्या अडचणीचं, निदान केलं. जीएसटीआर-३बी हा दरमहाचा रिटर्न २० तारखेपर्यंत भरायचा असतो, पण मला सुचतं ते १९च्या रात्री. प्लॅनर आणते, पंधरवड्यात कपाटात जातो. घरचे म्हणतात आळस आहे. खरंच आहे का?

उत्तर : आळस असता तर १९च्या रात्रीही हात चालले नसते. दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि वर १८ टक्के व्याज, हे तुम्ही गिऱ्हाइकांना सांगत असता, म्हणजे माहितीही कमी नाही. एडीएचडीत काम महत्त्वाचं आहे एवढ्यावर मेंदू हलत नाही. त्याला कामात गोडी, नवेपणा किंवा तातडी लागते, आणि रिटर्नमध्ये यातली शेवटचीच मिळण्यासारखी आहे.

तेव्हा तातडी अलीकडे ओढा. फक्त ती स्वतःशी ठरवू नका. स्वतःला दिलेली तारीख खोटी आहे हे आपल्याला आतून ठाऊक असतं. दुसरं माणूस वाट पाहत हवं. २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा पोर्टलवरचा तक्ता, १४ तारखेला तयार होतो. १५ला सकाळी ११ची वेळ एका दुकानदाराला द्या : ‘तुमच्या कुठल्या पुरवठादाराची बिलं दिसत नाहीत ते ११ वाजता फोन करून सांगते.’ आता १०ला बसणं भाग आहे. भरायच्या वेळचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येत असेल तर त्यासाठीची दुसरी वेळही याच फोनवर पक्की करा. दिवसाला दोन गिऱ्हाइकं पुरेत. उत्साहाच्या भरात सगळ्यांना १५ तारीख दिलीत, तर त्या दिवसाची १९ तारीख होईल.

यादीत ‘पाटील किराणा – रिटर्न’ असं लिहीत असाल तर ते खोडा. तो कामांचा ढीग झाला, आणि कुठून सुरू करायचं हे ठरवण्यातच सकाळ जाते. आदल्या रात्री चिठ्ठीवर पहिली कृती लिहा : ‘पोर्टल उघड, २बी डाउनलोड कर, खरेदी रजिस्टरशेजारी उघडून ठेव.’ चिठ्ठी कीबोर्डवरच ठेवा, वहीत नको. आणि पासवर्ड! तो शोधायला व्हॉट्सॲप उघडलं की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. सगळ्यांचे लॉगिन एकदाच पासवर्ड मॅनेजरमध्ये भरून टाका. ही घसरण्याची जागा क्षुल्लक वाटते, पण अनेकांचं काम इथेच अडतं.

२५ मिनिटांचा टायमर सर्वांना मानवत नाही. मन रमायलाच १५-२० मिनिटं लागत असतील तर घंटा नेमकी लय लागताना वाजते. १० मिनिटांचा लावा, तोही फक्त सुरुवातीसाठी. लय लागली तर पुढे चालू ठेवा. जेवणाचा गजर मात्र वेगळा हवा, कारण एकदा बुडून गेलात की भूकही कळत नाही. मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर बसवा. सुरुवातीला दोघींनी आपापलं काम मोठ्याने सांगायचं, मग माइक बंद. गप्पिष्ट मैत्रीण इथे उपयोगाची नाही.

प्लॅनरचं वाईट वाटून घेऊ नका. नवा असतो तोवरच तो चालतो. भिंतीवरचा फळा, साधी वही, फोन अशा दोन-तीन पद्धती ठेवून आलटूनपालटून वापरा, पण एका वेळी एकच. तारखा मात्र कायम एकाच ठिकाणी : जाता-येता दिसेल अशा कालनिर्णयवर.

प्रश्न : वय २१, पुण्यात शिकतो. डॉक्टरांनी एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट या औषधाची साधी गोळी सकाळी घ्यायला सांगितली आहे. घेतो, पण नंतरचे दोन तास इन्स्टाग्रामवरच जातात. डोस वाढवून मागू का?

उत्तर : आधी गोळीच्या वेळी समोर काय असतं ते पाहा. लक्ष टिकवायला ती मदत करते. ते कशावर टिकवायचं हे ती ठरवत नाही. परिणाम सुरू होताना हातात फोन असेल तर तुम्ही मन लावून रीलच बघणार. साध्या गोळीचा असर साधारण तीन-चार तास, त्यातले दोन असे गेले तर उरलं काय?

क्रम असा लावा : आधी पोटभर नाश्ता, कारण नंतर भूक मरते. मग फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, पुस्तक नेमक्या पानावर उघडं, आणि मग गोळी. आठवडाभर गोळीची वेळ, अभ्यासाला बसल्याची वेळ, असर ओसरल्याची वेळ आणि झोप लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांना दाखवा. डोस वाढवायचा की नाही हे त्यावरून त्यांना ठरवता येईल. स्वतःहून वाढवू नका, आणि परीक्षेच्या आधी मित्राला एकही गोळी देऊ नका. छातीत दुखलं, चक्कर आली किंवा फार धडधडलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना गाठा. दुपारचा डोस असेल तर तो संध्याकाळवर ढकलू नका, रात्री झोप येणार नाही.