जॅझ पियानोवादकाला शेवटी शिकवण्याच घ्याव्या लागतात का?

बहुतेकांना लागतात. पण अमेरिकन जॅझ पियानोवादक बॅरी हॅरिस नाइलाज म्हणून शिकवत नव्हते, आणि त्यांच्यावरून मी घरात भांडलेली आहे, म्हणून लिहिते.

मी न्यू जर्सीत पियानो शिकवते, अधूनमधून हॉटेलात वाजवते. गणपतीत आरती झाल्यावर माझे मोठे दीर मोदक खात चारचौघांत म्हणाले, "वाजवून भागत नाही म्हणून शिकवण्या, होय ना?" मी हॅरिसचं नाव घेतलं. "कोण हे?" ट्रंपेटवादक ली मॉर्गनच्या 'द साइडवाइंडर' या 1963 च्या अल्बमवर पियानो कुणी वाजवलाय? डेक्स्टर गॉर्डन आणि कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवादकांना साथ कुणी केली? सासूबाईंसमोर एवढं बोलता आलं नाही. ते इथे बोलते.

हॅरिस तरुणपणी डेट्रॉइटला असल्यापासूनच शिकवत होते. सॅक्सोफोनवादक जो हेंडरसन त्यांच्याकडेच शिकला. 1982 मध्ये न्यूयॉर्कला आठव्या ॲव्हेन्यूवर त्यांनी 'जॅझ कल्चरल थिएटर' काढलं. 1987 मध्ये ते बंद पडलं, पण मॅनहॅटनमधले वर्ग म्हातारपणीही चालूच राहिले. नवशिके आणि नावाजलेले एकाच पियानोभोवती कोंडाळं करून उभे. त्या कोंडाळ्यात मागच्या बाजूला मीही उभी राहिले आहे. प्रवेशपरीक्षा वगैरे भानगड नाही.

आणि शिकवता शिकवता काय घडवलं ते बघा. सा ग प ध हा एक कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सूर. नी रे म आणि कोमल ध हा दुसरा. दोन्ही धैवत धरून आठ सुरांचा स्केल झाला. आता प्रत्येक पायरीवर हे दोन कॉर्ड आलटून पालटून वाजवत वर जा. एकाच कॉर्डवर हात बांधून बसायची गरज उरत नाही, स्वरमेळ चालायला लागतो. बीबॉप, म्हणजे 1940 च्या दशकातली वेगवान जॅझ शैली, समजून घ्यायला याच्याइतकं उपयोगी मला दुसरं काही सापडलेलं नाही. भाऊजी, हे शिकवणीच्या खोलीतून जगभर गेलं.

तेव्हा शिकवा, आणि सुरुवातीपासून शिकवा. वाजवणं संपल्यावर शिकवायला बसलेल्यांचे वर्ग मी पाहिलेत, कंटाळवाणे असतात.

पैशाचं विचारलंत, तर हॅरिसचा हिशेब स्वतःला लावू नका. त्यांना न्यू जर्सीतल्या वीहॉकनला, जॅझवाल्यांना आसरा देणाऱ्या बॅरोनेस पॅनोनिका यांच्या घरात राहायला जागा होती; पियानोवादक थेलोनियस मंकही अखेरची वर्षं तिथेच होते. आमच्याकडे आरोग्यविमा नवऱ्याच्या नोकरीतून येतो, आणि भाऊजींना ते पक्कं माहीत आहे.