‘समजलं का?’ विचारू नका, ‘करून दाखव’ म्हणा
वाचकांचे प्रश्न : व्यवसाय शिक्षण आणि स्वमग्न तरुण

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ती आली. आता आयटीआय आणि व्यवसाय प्रशिक्षण केंद्रांत स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, मुलंमुली प्रवेश घेतात, पण त्यांना शिकवणाऱ्या निदेशकांच्या तयारीकडे क्वचितच कोणी लक्ष देतं. या वेळची पत्रं त्याबद्दलचीच आहेत.

प्रश्न : मी फिटर ट्रेडचा शिल्पनिदेशक आहे. तुकडीतला एक मुलगा स्वमग्न आहे. ‘समजलं का?’ विचारलं की ‘हो सर’ म्हणतो आणि जॉब, म्हणजे घडवायचा धातूचा तुकडा, बिघडवतो. ‘गुण्यात येईपर्यंत घास’ (गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार) म्हटलं तर माप उतरलं तरी कानस थांबत नाही. मुलगा कामचुकार मुळीच नाही. काय करावं? (शिल्पनिदेशक, नाशिक जिल्हा)

‘समजलं का?’ला ‘हो सर’ म्हणायचं, हे तो शाळेपासून शिकत आला आहे. त्या उत्तराचा कामाशी संबंध नसतो. त्याऐवजी ‘करून दाखव’ म्हणा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ‘गुण्यात येईपर्यंत घास’ या एका वाक्यात तीन निर्णय दडलेले आहेत : कुठे घासायचं, किती घासायचं आणि कधी थांबायचं. बाकीची मुलं ते शेजारच्याकडे बघून उचलतात. याने मात्र तुमचं वाक्य शब्दशः पाळलं. ७५ मिमीच्या चौकोनी जॉबसाठी तेच काम असं लिहून द्या :

१. जॉब जबड्याच्या वर १० मिमी राहील असा व्हाइसमध्ये धर.
२. कानशीचे १० हात मार. थांब.
३. जॉब काढ. धारेवरची बर काढ.
४. ब्रशने कीस झाड.
५. गुण्या लाव, उजेडाकडे धर. फट दिसली तर उंच जागेवर खडूची खूण कर.
६. व्हर्निअरने माप घे, वहीत लिही.
७. माप ७५.५ च्या वर असेल तर पुन्हा पायरी १. ७५.५ आलं की जाड कानस ठेव, बारीक घे, पुन्हा पायरी १. ७५ आलं की कानस खाली ठेव, सरांना बोलाव.

तिसरी पायरी गाळू नका. बर, म्हणजे घासल्यावर धारेवर उरलेली खरखरीत कड, राहिली की गुण्या खोटं दाखवतो. मग मुलगा जिथे नको तिथे घासतो आणि आपण त्याच्या समजुतीला दोष देतो.

प्रत्येक पायरीचा फोटो त्याच्याच बाकावर, त्याच्या खांद्यामागून काढा, म्हणजे त्याला स्वतःचे हात जसे दिसतात तसं चित्र येईल. मागे चिंध्या, दुसरी हत्यारं ठेवू नका, नाहीतर तीही पायरीचा भाग वाटतात. कार्डाला लॅमिनेशन हवंच, तेलकट हातांत साधा कागद दोन दिवस टिकत नाही.

सूचना दिल्यावर मनात १० आकडे मोजा. या थांबण्याचा निदेशकांना सर्वांत जास्त कंटाळा येतो. तो गप्प दिसला की आपण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतो, मग त्याला पहिल्यापासून अर्थ लावावा लागतो. पुन्हा सांगायची वेळ आलीच तर शब्द तेच ठेवा. त्याहून बरं म्हणजे न बोलता कार्डावर बोट ठेवा. तोंडी मदतीची सवय लागली की ती सोडवणं फार अवघड असतं, बोटाची खूण हळूहळू कमी करता येते.

प्रश्न : आमच्या संस्थेत निदेशकांसाठी एक दिवसाचं शिबिर ठेवायचं आहे. विषय कोणते ठेवावेत? (प्राचार्य, सातारा)

एक दिवसाची भाषणं ठेवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्वमग्नतेची लक्षणं ऐकून निदेशक हळहळतात आणि सोमवारी पूर्वीसारखंच शिकवतात. त्याऐवजी तीन तासांची दोन सत्रं घ्या आणि पुढचे सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ४० मिनिटं कार्यशाळेतच मार्गदर्शन ठेवा. मार्गदर्शक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले विशेष शिक्षक असावेत. नोकरी करणारी एखादी स्वमग्न व्यक्ती बोलायला तयार असेल तर तिला मानधन देऊन बोलवा.

पहिल्या सत्रात माहितीला ४५ मिनिटं पुरेत. उरलेला वेळ एका सरावाला द्या. प्रत्येक निदेशकाने आपल्या ट्रेडमधलं एक छोटं काम पायऱ्यांत लिहायचं. दुसऱ्या ट्रेडच्या निदेशकाने कागदावर आहे तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल घालायची नाही. वायरमनचे निदेशक लिहितात, ‘वायर सोलून टर्मिनलला लाव.’ टर्नरचे निदेशक बोर्डासमोर अडकतात : कोणती वायर, किती सोलायची? जास्त सोलली तर उघडी तांब्याची तार टर्मिनलबाहेर राहते, कमी सोलली तर स्क्रू इन्सुलेशनवरच बसतो आणि दिवा लागत नाही. आणि ‘सप्लाय बंद कर’ ही पहिली पायरी बहुधा कागदावर नसतेच, कारण जाणत्याच्या हाताला ती आपोआप येते. तीच गाळली तर जीव धोक्यात. स्वतःच्या कामातली न लिहिलेली पायरी एकदा अशी दिसली की निदेशक आपण होऊन शिकवणं बदलायला लागतात.

दुसऱ्या सत्रात एकाने विद्यार्थी आणि एकाने निदेशक व्हायचं, सूचना देऊन थांबण्याचा सराव करायचा. मार्गदर्शकाने आधी करून दाखवावं, मग त्यांच्याकडून करून घ्यावं, चूक तिथेच सांगावी.

पुढच्या भेटींत मार्गदर्शकाने १० मिनिटं फक्त मोजायचं : सूचना किती दिल्या, त्यांतल्या किती सूचनांनंतर निदेशक थांबले, किती वेळा शब्द बदलले, आणि ‘शाब्बास’ऐवजी ‘माप बरोबर घेतलंस’ असं नेमकं किती वेळा सांगितलं. त्याच दिवशी आकडे निदेशकांना दाखवावेत, सुधारणा मात्र एकच सांगावी. हा तक्ता गोपनीय अहवालाला जोडू नका. जोडला तर निदेशक त्या १० मिनिटांपुरते चांगले शिकवतील.

भांडारपाल आणि शिपाई यांनाही पहिल्या सत्रात बसवा. हत्यार मागताना आणि जेवणाच्या सुट्टीत ही मुलं जास्त अडचणीत येतात, कारण तिथे काय करायचं ते ठरलेलं नसतं.

प्रश्न : ग्राइंडर सुरू झाला की विद्यार्थिनी कान झाकून बाहेर पळते. शिस्त कशी लावावी? (वेल्डर ट्रेड, निदेशिका)

हा बेशिस्तपणा नाही, तिला तो आवाज खरोखर सोसत नाही. तिचा बाक ग्राइंडरपासून लांब ठेवा आणि मशीन सुरू करण्याआधी लाल कार्ड दाखवण्याची सवय सगळ्यांना लावा. इअरमफ द्या. पण इअरमफ घातल्यावर हाक ऐकू येत नाही, म्हणून थांबण्यासाठी दिव्याची किंवा हाताची खूण आधी ठरवा. मागून खांद्यावर हात ठेवू नका, ती दचकली तर हात मशीनमध्ये जाऊ शकतो.

बाहेर जाण्यासाठी ‘५ मिनिटं’ असं लिहिलेलं कार्ड, ठरलेली जागा आणि टायमर द्या. पहिले काही दिवस ती कार्ड वारंवार वापरेल, वापरू द्या. शिक्षा म्हणून कार्ड काढून घेतलंत तर पुन्हा पळणं सुरू होईल.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा आहे. प्रमाणपत्र आणि परीक्षेतील सवलतींसाठी काय करावं? (पालक, सांगली)

दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. स्वमग्नतेच्या भारतीय मोजपट्टीत ४० मुद्दे आहेत, प्रत्येकाला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली आली तर स्वमग्नता धरत नाहीत. मुलांच्या आई तिथे सहज म्हणून जातात, ‘तसं सगळं जमतं त्याला.’ आठवडाभर आधी वही करा : कोणत्या कामाला किती वेळा सांगावं लागलं, काय बिनसलं. तीच दाखवा.

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मागता येतो. लेखनिक हवा असेल तर लिहिण्यातल्या अडचणीचा जिल्हा शल्यचिकित्सकांचा दाखला लागतो. सरकारी नोकरीत दिव्यांगांच्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून आहे. आयटीआयच्या अर्जावर १९ वर्षांच्या मुलाने स्वतः सही करावी. घरी सहीचा सराव घ्या.

प्रश्न : संस्थेत उत्तम काम करणारी मुलगी कारखान्यात पहिल्याच दिवशी गोंधळली. असं का? (निदेशक, पुणे)

ती ‘ड्रिलिंग’ शिकलीच नव्हती. ती तुमच्या हिरव्या मशीनवर, डावीकडच्या बटणाने, तुमच्या आवाजात ड्रिलिंग शिकली. शेवटच्या दोन महिन्यांत मशीन, बाक आणि सांगणारा माणूस मुद्दाम बदला, पण एका वेळी एकच. कारखान्यात पाठवण्याआधी तिथल्या मशीनचे, दाराचे, स्वच्छतागृहाचे आणि जेवणाच्या जागेचे फोटो आणून तीच पायऱ्यांची कार्डं नव्याने बनवा. पहिला आठवडा निम्म्या वेळेचा ठेवा, आणि अडली तर कोणाला विचारायचं त्या एका माणसाचं नाव आणि फोटो पहिल्या कार्डावर लावा.