सरांच्या फोटोपुढे

चिऊ,

परवा नानाकाकांचा फोन आला, सर गेले. मी मोबाइलमधल्या त्यांच्या फोटोपुढे वाकले तेव्हा तू विचारलंस, "ते आपले नातेवाईक नव्हते ना? मग पाया कशाला पडतेस? त्यांनी सांगितलं होतं का?"

ते शेवटचं लागलं मला. नव्हतं सांगितलं. उलट कोणी वाकलं की ते पाय मागे घ्यायचे. "पाया पडू नको वो माय, पाठ वाचला का थे सांग."

मोर्शीकडे, तालुक्याच्या कॉलेजात मी सकाळच्या एसटीनं जायचे. पहिल्याच आठवड्यात मी म्हणाले, "सर, माह्यं पुस्तक घरी राह्यलं." पुढच्या बाकांवरच्या मुली हसल्या. पुन्हा तोंडच उघडू नये असं वाटलं. सर कोणालाच रागावले नाहीत. त्यांनी म्हाइंभटांची गोष्ट काढली. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेल्यावर हा माणूस त्यांच्या आठवणी लोकांना विचारत हिंडला आणि १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र लिहिलं, तेही मराठीत. कुठे, तर आपल्या रिद्धपुरात! मामाकडे जाताना लागतं ना, तेच. मग त्याच पंथातल्या केशोबासांची गोष्ट. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य नको म्हणाले, त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, म्हणजे त्यांना काही कळणारच नाही, म्हणून.

"थ्या म्हाताऱ्या म्हंजे कोण? हिची मोठीमाय," सर माझ्याकडे बोट करून म्हणाले.

संध्याकाळी मोठीमाय अंगणात संत्री निवडत बसली होती. तिला अक्षरओळख नव्हती. मी सगळं सांगितलं, तर म्हणाली, "मंग मले वाचून दाखव." सरांनी लीळाचरित्राची स्वतःची प्रत दिली. मी कंदिलाजवळ बसून वाचायचे, अडखळत. थांबले की ती विचारायची, "मंग काय झालं?" सातशे वर्षांपूर्वीचं पुस्तक, आणि तिला पुढचं ऐकायचं होतं.

म्हणून वाकले गं. वाकणंच बरोबर असं नाही म्हणत मी. सरांनाच ते आवडत नव्हतं, आणि नेमकं तेच तू विचारलंस. तू वाकावंस असंही नाही.

ती प्रत इथे माझ्या कपाटात आहे, समासात त्यांची पेन्सिल आहे. परत करायची राहून गेली. रविवारी त्यातलं एक पान मोठ्यानं वाचणार आहे. झोपायचं असेल तर झोप. आलीस, तर अडलेला शब्द विचार. काही मलाही येत नाहीत. ते या सुट्टीत सरांना विचारायचे होते.

आई