सेप्सिसमध्ये रक्तातलं झिंक कमी आलं, तर वेगळं द्यावं का?

तुम्ही विचारलंय की वडील सेप्सिसमुळे, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागल्यामुळे, आयसीयूत आहेत, रक्तातलं झिंक कमी आलंय, तरी डॉक्टर झिंक-सेलेनियम वेगळं द्यायला तयार नाहीत; हा हलगर्जीपणा तर नाही ना? मी आयसीयूत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वडिलांची फाइल मी पाहिलेली नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला तरी हलगर्जीपणा वाटत नाही.

आधी त्या रिपोर्टबद्दल. मोठा जंतुसंसर्ग झाला की शरीर स्वतःच रक्तातलं झिंक यकृतात ओढून घेतं. सेलेनियमही खाली आलेलं दिसतं. तांबं मात्र उलट वाढतं, कारण ते वाहून नेणारं प्रथिन यकृत जास्त बनवू लागतं. म्हणून हे आकडे आम्ही सीआरपीच्या, म्हणजे शरीरातला दाह किती आहे हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, शेजारी ठेवूनच वाचतो. सीआरपी लिटरला २० मिलिग्रॅमच्या वर असेल, तर झिंक कमी आलं एवढ्यावरून साठा संपलाय असं म्हणता येत नाही.

सेलेनियमकडून एकेकाळी फार आशा होती. सूज आणि ऑक्सिडेशनमुळे होणारी हानी रोखणारी एन्झाइम्स त्याच्यावर चालतात, मग भरपूर दिलं तर रुग्ण वाचतील, असा तो तर्क. जर्मनीत हजारावर सेप्सिस रुग्णांवर याची चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आला. रोज १००० मायक्रोग्रॅम शिरेतून दिलं. शिरेतून पूर्ण आहार देताना आपण साधारण ६० ते १०० देतो, म्हणजे दहापट किंवा त्याहूनही जास्त. मृत्यू कमी झाले नाहीत.

मग ही खनिजं बिनकामाची का? मुळीच नाही. ती कुठून वाहून जाताहेत, हे बघायला हवं. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग तासातासाला ओलं होतं. त्या स्रावातून तांबं, झिंक, सेलेनियम सतत बाहेर पडतं. अशांना ती पहिल्या दिवसापासून शिरेतून जादा द्यावी लागतात. तिथे मी स्वतः डॉक्टरांच्या मागे लागते. आतड्याला फिस्टुला (आतला द्रव भलतीकडे वाहून नेणारं छिद्र) असेल किंवा जुलाब थांबत नसतील तर झिंक झपाट्याने जातं, आणि तोंडाभोवती नि गुदद्वारापाशी लालसर, सोलल्यासारखी कातडी दिसू लागते. दिवसरात्र चालणारं डायलिसिस दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की तांब्याची काळजी घ्यावी लागते. तिकडे सहसा लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं. आणि शिरेतून पूर्ण आहार चालू असेल तर सूक्ष्म खनिजं त्यात रोज घालायचीच, त्याला पर्याय नाही.

वडिलांना नळीतून तयार फॉर्म्युला चालू आहे असं तुम्ही लिहिलंय. दिवसाला सुमारे १५०० कॅलरी खरोखर पोटात जात असतील, तर रोजची गरज त्यातूनच भागते. पण ठरलेलं आणि गेलेलं यात बऱ्याचदा फरक पडतो, कारण तपासण्यांसाठी फीड बंद ठेवावं लागतं. तेव्हा डॉक्टरांना विचारा: काल प्रत्यक्षात किती गेलं? जुलाब आहेत का? डायलिसिस किती दिवस चालू आहे?

आणि कृपा करून बाहेरून झिंकच्या गोळ्या आणून नळीतून द्यायला लावू नका. जादा झिंक बरेच दिवस गेलं तर आतड्यात तांब्याचं शोषण अडतं, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि मग त्या कशाने कमी झाल्या याचा शोध घेत बसावं लागतं.