वाचकांचे प्रश्न : साचा परका, घर मराठी

प्रश्न : ‘बिग बॉस मराठी’वर एम.ए. समाजशास्त्राचा प्रकल्प करते आहे. ‘जागतिकीकरणामुळे मराठी संस्कृतीवर आक्रमण’ हे गृहीतक चालेल का? (विद्यार्थिनी, सोलापूर)

उत्तर : या रूपात नाही चालणार, कारण ते तपासताच येत नाही. मालकी, साचा (कार्यक्रमाचा ठरलेला आराखडा, म्हणजे फॉरमॅट), आशय आणि प्रेक्षक या चार गोष्टी आधी सुट्या करा. एकीचा पुरावा दुसरीला लावला की प्रकल्प तिथेच फसतो, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच फसतात.

आधी मालकी. बलाढ्य देशांची माध्यमं इतर देशांच्या संस्कृतीवर वर्चस्व गाजवतात, या सांस्कृतिक साम्राज्यवादाच्या सिद्धान्ताची मांडणी करणारे अमेरिकी अभ्यासक हर्बर्ट शिलर यांचा रोख मुख्यतः मालकी, जाहिरात आणि अमेरिकी कंपन्यांचे हितसंबंध यांवर होता. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, १९९३ मध्ये त्याचा मोठा हिस्सा माध्यमसम्राट रुपर्ट मरडॉक यांच्याकडे गेला. तेव्हा ही चौकट भारताला चपखल बसत होती. आज ‘बिग बॉस मराठी’ दाखवणारी कलर्स मराठी आणि स्टार प्रवाह या दोन्ही वाहिन्या जिओस्टार या एकाच कंपनीच्या आहेत. नोव्हेंबर २०२४ च्या विलीनीकरणानंतर तिथे नियंत्रण रिलायन्सचं आणि डिस्नेचा वाटा सुमारे ३७ टक्के. त्यामुळे ‘परदेशी विरुद्ध देशी’पेक्षा ‘किती वाहिन्या एकाच हाती’ हा प्रश्न मला जास्त कसदार वाटतो.

साच्याचं गणित वेगळं. मूळ कार्यक्रम ‘बिग ब्रदर’ १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये आला; हक्क आता फ्रान्सच्या बानिजे कंपनीकडे आहेत. बंद घर, सतत चालू कॅमेरे, नॉमिनेशन, प्रेक्षकांच्या मतांवर घराबाहेर जाणं हा सांगाडा देशोदेशी तोच. मराठीत बोलण्याचं बंधन, सणवार, शनिवार-रविवारी सूत्रसंचालक स्पर्धकांची हजेरी घेतो तो ‘भाऊचा धक्का’ हे इथलं. समाजशास्त्रज्ञ रोलंड रॉबर्टसन यांच्या ग्लोकलायझेशनच्या (जागतिक गोष्टीला स्थानिक रूप देण्याच्या) संकल्पनेला हे धरून आहे. मात्र स्थानिक रंग दिसला की लगेच ‘प्रतिकार’ लिहू नका. तो रंग दिल्याशिवाय साचा इथे खपलाच नसता.

प्रेक्षकांसाठी तमार लीबेस आणि एलिहू कॅट्झ यांचा ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेच्या प्रेक्षकांवरचा अभ्यास वाचा. इस्रायलमधल्या अरब आणि मोरोक्कोहून आलेल्या ज्यू गटांनी भागाची गोष्ट क्रमाने सांगितली. रशियातून आलेल्यांनी निर्मात्यांच्या हेतूवर बोट ठेवलं. मालिका एकच होती.

प्रश्न : मग प्रत्यक्ष काम कसं करू? वेळ चार महिने. (तीच विद्यार्थिनी)

उत्तर : दोन आठवड्यांचे सगळे भाग घ्या. फक्त शनिवार-रविवारचे घेतले तर सूत्रसंचालकच तुमचा विषय होऊन बसेल. प्रत्येक भागाचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा आणि पाच-सहा वर्गांत नोंदवा : भांडण, टास्क, घरकाम, जाहिरातदाराचा उल्लेख, भाषेवरून टोकणं. एका तुकड्यात दोन गोष्टी येणारच. तेव्हा ‘जास्त वेळ कशाला’ हा नियम आधीच लिहून ठेवा. दहा टक्के तुकडे मैत्रिणीकडून स्वतंत्रपणे नोंदवून घ्या. दोघींचं वारंवार जुळत नसेल, तर वर्गांच्या व्याख्या ढिल्या आहेत. त्या बदलून सगळी नोंदणी पुन्हा करावी लागेल. म्हणून हे पहिल्याच आठवड्यात उरका.

मग प्रेक्षकांचे, पाच-सहा जणांचे चार गट. सबंध कुटुंब एकत्र बसवलंत तर वडील बोलतील आणि बाकीचे मान डोलावतील. सासू-सून तर वेगळ्या गटांतच हव्यात. एक भाग दाखवून पहिला प्रश्न एवढाच : ‘काय झालं ते, न पाहिलेल्या माणसाला सांगा.’ कोण कोणाची बाजू घेतं, काय गाळतं, कुठे ‘हे सगळं ठरवून चाललंय’ म्हणतं, ते टिपा. ‘याचा संस्कृतीवर परिणाम होतो का?’ असं विचारलंत, की सगळे ‘हो’ म्हणतील आणि तुमच्या हाती लोकांचं मत नव्हे, तुमचाच प्रश्न परत येईल.

टीआरपीचे आकडे प्रस्तावनेपुरते ठेवा. नमुन्यातल्या घरांत किती जणांनी, किती वेळ ती वाहिनी लावली होती एवढंच त्यातून कळतं. समोर बसलेली बाई भाजी निवडत हसत होती की वैतागली होती, ते नाही.