सीट ब्लॉक करायची घाई कुणाला आहे?

प्रश्न: आम्ही धायरीला राहतो. मुलगी बी.कॉम. झाली असून वर्षभर एका सीएच्या ऑफिसात काम करते आहे. एमबीएच्या सीईटीत तिला 95 पर्सेंटाइल मिळाले. तेव्हापासून एका खासगी संस्थेतून रोज फोन येतोय. दोन वर्षांचे 9 लाख, डबल स्पेशलायझेशन, परदेश दौरा, शंभर टक्के प्लेसमेंट. रविवारपर्यंत 50 हजार भरून सीट ब्लॉक करा म्हणतात. आम्ही ओबीसी, घरचं उत्पन्न वर्षाला साडेसहा लाख. कर्ज काढून मोकळं व्हावं का?

उत्तर: रविवारपर्यंत पैसे भरू नका. सोमवारीही भरू नका.

परीक्षा दिलेल्या शंभरातल्या पंचाण्णव मुलांच्या पुढे तुमची लेक आहे. तिला सीट ब्लॉक करायची गरज नाही, तिला ब्लॉक करायची गरज त्या संस्थेला आहे. राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्या सुरू झाल्या की तिला दुसरीकडे जागा मिळणार, हे फोन करणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

आता पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलेली, पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 2024-25 पासून राज्य सरकारने ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्गातल्या, 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अट एकच जपायची : प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोटा किंवा संस्था पातळीवरच्या जागेवर गेलात की माफी गेली. अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही, त्यामुळे सिंबायोसिस यात बसत नाही. (तिथे तसंही त्यांची स्वतःची स्नॅप ही प्रवेश परीक्षा लागते.) विकास शुल्क, खाणावळ, पुस्तकं हा खर्च राहीलच. पण 9 लाखांचं कर्ज 10.5 टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला 15 हजारांच्या वर हप्ता बसतो. घरी राहून, माफीवर शिकलेल्या मुलीला पहिली नोकरी पारखून घेता येते. हप्ता डोक्यावर असला की मिळेल ती धरावी लागते.

'शंभर टक्के प्लेसमेंट' म्हणजे काय, ते सांगतो. मागे एका कॉलेजात गेलो होतो, नाव नको. रिसेप्शनच्या भिंतीवर निवड झालेल्या मुलांचे फोटो होते, लाल ड्रेसमधली एक मुलगी मधोमध. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तर फलकावर वर्ष नवं आणि मुलगी तीच, ड्रेसही तोच! कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या दोघांशी बोललो. एकाला मिळालेली नोकरी फोनवरून फ्लॅट विकायची होती, सहा लाखांच्या पॅकेजातले दोन लाख टार्गेट पूर्ण केलं तर. फलकावर मात्र तो 'फायनान्स स्पेशलायझेशन' खाली होता.

म्हणून पॅकेज विचारू नका, पद विचारा. मागच्या बॅचमधल्या फायनान्सच्या मुलांना कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर घेतलं, आणि त्यातली किती जण वर्षभर टिकली? डबल स्पेशलायझेशनचं फार कौतुक नको. सीएच्या ऑफिसात वर्ष काढलेल्या मुलीने फायनान्सच घट्ट धरावं, तो अनुभव मुलाखतीत बोलतो.

कॉलेजांचं म्हणाल तर पुणे विद्यापीठाच्या आवारातली पुंबा, म्हणजे विद्यापीठाचा स्वतःचा एमबीए विभाग, यादीत वर ठेवा. मिळेलच असं नाही, पण लिहायला पैसे पडत नाहीत. मागच्या वर्षीचे कटऑफ बघताना ओबीसी मुलींची ओळ बघा, खुल्या गटाचा आकडा पाहून उगाच हाय खाऊ नका. पसंतीक्रम मात्र मनापासून लावा, कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तेच पक्कं होतं, मग बदल नाही. प्रत्येक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. हातात विद्यापीठाची एमबीए पदवी पडणार की पीजीडीएम, म्हणजे संस्थेची पदव्युत्तर पदविका, तेही विचारून घ्या. पीजीडीएम कमी दर्जाची असते असं नाही. कोंढव्याच्या एनआयबीएमचा (राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था) बँकिंगचा अभ्यासक्रम पीजीडीएमच आहे आणि त्याला चांगला मान आहे. फक्त आपण काय घेतोय ते माहीत हवं.

दोन-तीन कॉलेजं प्रत्यक्ष बघून या. ओपन डेला नको, एखाद्या मंगळवारी दुपारी, डबा खायच्या वेळेला. मुलीला एकटीला आत जाऊ द्या, तुम्ही बाहेर चहा घ्या. वडील शेजारी असले की मुलं सगळं छान आहे म्हणतात.

आणि हा आठवडा कागदांना द्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुदतीतलं नॉन-क्रीमी लेयर, जात पडताळणी प्रमाणपत्र. पडताळणी झाली नसेल तर उद्याच अर्ज करा, दरवर्षी मुलं तिथेच अडकतात. मूळ गुणपत्रिका मात्र 'फक्त दोन दिवस ठेवा' म्हणणाऱ्या कुणाच्याही हाती देऊ नका.